वर्तुळाकार काँक्रीट टाक्यांमधील बलांचे संगणकीय विश्लेषण

वर्तुळाकार काँक्रीट टाकीच्या भिंतीत पाण्याच्या दाबामुळे परिघाच्या दिशेने वलयताण आणि उभ्या दिशेने नमन निर्माण होते. त्यांचे प्रमाण तळाच्या जोडावर अवलंबून असते. उदाहरणार्थ, व्यास १० मीटर, उंची ३ मीटर व भिंतीची जाडी १५० मिलिमीटर असलेल्या टाकीत पाण्याचे वजन प्रतिघनमीटर १० किलोन्यूटन धरल्यास, तळ सरकण्यास मोकळा असताना वलयताण तळाशी सर्वाधिक, म्हणजे प्रतिमीटर १५० किलोन्यूटन असतो. आयएस ३३७० (भाग ४) मधील कोष्टकांनुसार तळ पूर्णतः जखडलेला असल्यास हा कमाल ताण सुमारे ७७ किलोन्यूटनपर्यंत उतरतो आणि माथ्यापासून १.८ मीटरवर आढळतो. तळाशी मात्र प्रतिमीटर सुमारे ५ किलोन्यूटन-मीटर नमनआघूर्ण उद्भवते.

स्टाड प्रो सारख्या प्रणालीत भिंत प्लेट-घटकांत विभागली जाते. उपरोक्त आघूर्ण तळापासून अर्ध्या मीटरच्या आतच शून्यावर येते. त्यामुळे एक मीटर उंचीच्या घटकाचे केवळ मध्यबिंदूवरील मूल्य वाचल्यास ते नजरेतून निसटते, आतील बाजूचे उभे पोलाद अपुरे पडते आणि पाण्याच्या बाजूस तडा जाण्याचा धोका संभवतो. म्हणून तळालगत घटक लहान घ्यावेत, मूल्ये कोपऱ्यांवर वाचावीत आणि कोष्टकांशी ताडून पाहावीत.