उंच झाडाची उथळ मुळे

कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या रेडवुड राष्ट्रीय उद्यानात ‘हायपेरियन’ नावाचा सुमारे ११६ मीटर उंचीचा रेडवुड वृक्ष आहे. आजवर मोजलेल्या जिवंत झाडांत सर्वांत उंच. तो २००६ मध्ये सापडला. ठावठिकाणा गुप्त ठेवला गेला, पण इंटरनेटच्या जमान्यात तो फुटलाच. अखेर २०२२ मध्ये उद्यानाने तो भाग बंद केला: तिथे शिरल्यास ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. शेकडो वर्षे वादळे आणि वणवे सोसलेल्या झाडाचे माणसाच्या पावलांनी काय बिघडणार, असे कुणी विचारेल. उत्तर मातीत आहे. रेडवुडला सोटमूळ नसते. मुळे जेमतेम दोन ते चार मीटर खोल जातात, आडवी मात्र तीस मीटरपर्यंत पसरतात. सतत तुडवलेली माती घट्ट होते, तिच्यातल्या हवापाण्याच्या पोकळ्या मिटतात आणि बारीक मुळे गुदमरतात. हायपेरियनच्या बुंध्याजवळचे नेचे तर पर्यटकांनी तुडवून संपवलेच आहेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: लोकांनी पाहिलेच नाही, तर ते जंगल वाचवतील कशाला? मुद्दा खरा, पण पाहण्यासाठी मुळांवर उभे राहावे लागत नाही. जेडेडाया स्मिथ उद्यानातल्या ‘ग्रोव्ह ऑफ टायटन्स’मध्ये आता जमिनीपासून उचललेली पायवाट आहे. मूळ रेडवुड जंगलापैकी जेमतेम पाच टक्के कुऱ्हाडीतून वाचले असताना अशा पायवाटेचा खर्च वाजवीच म्हणायचा. शिवाय विक्रमी उंची बुंध्याशी उभे राहून दिसतच नाही. शेंडा फांद्यांत हरवतो. तेव्हा रेडवुड जरूर पाहावेत, पण आखलेल्या वाटेवरूनच.