बिनचूक उत्तरे देणारा हेर

परीक्षेत ज्याची सर्व उत्तरे बरोबर, त्याच्यावर संशय कोण घेणार? आम्ही येथे ज्याची ओळख करून देणार आहोत, तो हेर नेमका असाच आहे.

ग्रीक कथेत ट्रॉयच्या नागरिकांनी लाकडी घोडा वेशीच्या आत ओढून नेला आणि रात्री त्याच्या पोटातून शत्रू बाहेर पडला. त्यावरून चिपमध्ये लपविलेल्या घातकी विद्युन्मंडलास ‘हार्डवेअर ट्रोजन’ म्हणतात. चिपचा आराखडा एका देशात, त्यातील काही तयार भाग दुसरीकडून विकत घेतलेले आणि घडण तिसऱ्याच देशात, अशी आजची रीत आहे. मध्येच कोणी काही अधिक जोडले, तर कळावे कसे?

बिनतारी चिपमध्ये हा हेर काय करू शकतो, हे यिएर जिन व यॉर्गोस माक्रिस यांनी २०१० साली दाखविले. चिप संदेश गुप्त संकेतात गुंफून लहरींवर धाडते. तो उलगडण्याची किल्ली तिच्या पोटातच असते. ट्रोजन त्या किल्लीतील शून्य व एक यांनुसार लहरीचा जोर किंवा कंपनसंख्या तिळभर बदलतो. इतका फरक दोन निर्दोष चिपांतही आढळतो, म्हणून तो कोणास खटकत नाही. उस्ताद अमीर खाँ यांच्या इंदुरात हे सांगणे सोपे आहे : ठेका शुद्ध, सम अचूक, पण तबलजी ठरावीक मात्रांवर बोट केसभर अधिक दाबतो. मैफल डोलत राहते आणि खूण ठाऊक असलेला एकटाच ती टिपून घेतो.

आमच्या शहराजवळ सिमरोळ येथे आयआयटी आहे. तेथील प्राध्यापक अनिर्बन सेनगुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रोजन पकडण्याच्या पद्धतींवर काम केले आहे. त्यांतील एक युक्ती अशी, की तीच आकडेमोड दोन निरनिराळ्या विक्रेत्यांच्या भागांकडून करवून उत्तरे ताडून पाहावीत. खोटे उत्तर देणारा ट्रोजन यात सापडतो. पण आमचा हेर चुकतच नाही!

त्याला गाठावे लागते ते संख्याशास्त्राने. एकेक माप मर्यादेत असले, तरी पुष्कळ मापे एकत्र मांडली की त्यांच्या परस्परसंबंधांत किल्लीची छाया उमटते, हेही त्याच संशोधकांनी दाखविले. मात्र तुलनेसाठी निदान काही चिपा तरी निर्दोष असाव्या लागतात. आणि त्या निर्दोष आहेत, याची ग्वाही कोणी द्यावी? म्हणूनच अशा नमुन्यावाचून ट्रोजन ओळखण्याचे मार्ग पुढे शोधले जाऊ लागले.