रणांगणावरून गावाकडे : शिपायाच्या बातमीची वाट



१९४४ सालच्या जुलै महिन्याची १० तारीख. कोकणात भातलावणीचे दिवस. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात पळसगाव नावाचे खेडे आहे. त्या खेड्यातील एक बावीस वर्षांचा तरुण त्या दिवशी हजारो मैल दूर, इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, शत्रूच्या गोळ्यांना बळी पडला. नाव यशवंत घाडगे, हुद्दा नाईक, पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. त्यांनी त्या दिवशी जे केले, ते लंडनच्या सरकारी गॅझेटात प्रसिद्ध होण्यास २ नोव्हेंबर उजाडला. मध्ये एकशे पंधरा दिवस गेले.

ह्या एकशे पंधरा दिवसांविषयी मी आज आपणांशी बोलणार आहे. खेड्यातला शिपाई परमुलखात लढत असतो, तेव्हा त्याच्या मुलखातील वर्तमानपत्राला त्याच्याविषयी काय कळते, केव्हा कळते आणि काय कधीच कळत नाही, हा आजचा विषय. सावरगाव काय, सौसर काय, किंवा आमचे लोधीखेडा काय, ज्या गावातून माणसे फौजेत गेली त्या प्रत्येक गावाचा हा प्रश्न आहे.

प्रथम घाडगे ह्यांची हकीकत सांगतो. त्यांच्या हाताखाली एक रायफल सेक्शन होते. ते पुढे जात असता अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि सेक्शनमधील एकूण एक माणूस ठार किंवा जखमी झाला. उभे राहिले एकटे घाडगे. ते क्षणभरही न थांबता त्या मशीनगनवर चालून गेले. हातबाँब टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी केले. दुसऱ्या एकाला टॉमीगनने टिपले. मॅगझिन बदलण्यास सवड उरली नाही, तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवले. इतक्यात दडून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आता विचार करा. ही हकीकत इटलीच्या डोंगरातून मराठी वाचकापर्यंत कोणत्या वाटेने यावयाची? त्या काळी अशा वाटा तीन होत्या.

पहिली वाट सरकारी युद्धपत्रकाची. दिल्लीच्या मुख्य लष्करी कचेरीतून पत्रक निघे, वृत्तसंस्था ते तारेने वर्तमानपत्रांकडे पाठवीत आणि संपादक त्याचा अनुवाद करवून छापीत. परंतु पत्रकाला माणसे दिसत नाहीत. त्याला डोंगर, नद्या, पूल आणि मैल दिसतात. ‘हिंदी सैन्याने आगेकूच केली’ ह्या चार शब्दांत पळसगावही येते आणि पंजाबातले एखादे खेडेही येते, पण वाचणाऱ्याला दोन्हींपैकी एकही ओळखू येत नाही. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून पलटणीचे नाव आणि नेमके ठिकाण बहुधा गाळले जाई. हे गाळणे युद्धात अपरिहार्य असते, हे मान्य केले पाहिजे. तथापि त्याचा परिणाम असा होई की, मुलगा कोणत्या देशात आहे हेसुद्धा कित्येक आईबापांना वर्तमानपत्रावरून ठरविता येत नसे.

दुसरी वाट शिपायाच्या स्वतःच्या पत्राची. पत्त्यावर गावाचे नाव नसे, फक्त फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक असे. पत्र सेन्सॉरच्या हातून जाई. जे लिहिता येत नसे ते शिपाई लिहीत नसे, आणि जे लिहिले तर घरचे घाबरतील तेही लिहीत नसे. मग उरे ती खुशाली, पगाराची चौकशी, बैलांची आणि पावसाची विचारपूस. ह्यात एक विलक्षण गोष्ट घडली. सेन्सॉरचे अधिकारी शिपायांच्या पत्रांतील उतारे काढून फौजेची मनःस्थिती कशी आहे ह्याचे अहवाल वरिष्ठांना धाडीत. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेल्या हिंदी शिपायांच्या पत्रांचे असे उतारे आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेले आहेत. म्हणजे जे शब्द शिपायाच्या गावच्या वर्तमानपत्राला मिळाले नाहीत, ते त्याच्यावर नजर ठेवणाऱ्याच्या दप्तरात टिकले.

तिसरी वाट गॅझेटाची. मोठे शौर्यपदक जाहीर झाले की शिपायाचे नाव, हुद्दा आणि पराक्रमाची अधिकृत हकीकत एकदम उजेडात येई. वर्तमानपत्राला माणूस सापडे तो येथे. परंतु त्या हकीकतीत लढाईची काही मिनिटेच असतात. त्या माणसाची बावीस वर्षे तिच्यात नसतात, आणि त्याच्या शेजारी पडलेले सोबतीही नसतात.

आता संपादकाच्या खुर्चीत बसून पाहू. १९४४ सालचा उन्हाळा आणि पावसाळा हा बातम्यांच्या महापुराचा काळ होता. ६ मे रोजी गांधीजींची पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील बंदिवासातून सुटका झाली. ४ जूनला दोस्त सैन्य रोममध्ये शिरले, ६ जूनला फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरले, २२ जूनला इंफाळचा वेढा उठला. कागदाची टंचाई असल्यामुळे पाने मोजकी. अशा वेळी टायबरच्या खोऱ्यातील एका टेकडीला किती जागा मिळणार?

शिवाय मराठी संपादकाचे मन दुभंगलेले होते. पुण्यास डॉ. नानासाहेब परुळेकरांचा १९३२ साली सुरू झालेला ‘सकाळ’ होता. नागपुरास गोपाळराव ओगल्यांनी १९१४ साली काढलेले ‘महाराष्ट्र’ होते, आणि १९४४ सालीच ग. त्र्यं. माडखोलकरांच्या संपादकत्वाखाली ‘तरुण भारत’ दैनिक झाले. ह्या पत्रांचा वाचक मराठा शिपायाच्या पराक्रमाने हरखणारा होता आणि त्याच वेळी परकी राज्याने आपल्याला न विचारता आपला देश युद्धात ओढला ह्याची चीड बाळगणाराही होता. ह्या दोन्ही भावना खऱ्या होत्या आणि एकाच घरात नांदत होत्या.

ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे नामदेव जाधव. संगमनेर तालुक्यातील निमज गावचे हे शिपाई. त्यांच्या अहमदनगर जिल्ह्याचे नाव आज अहिल्यानगर झाले आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदी ओलांडताना ते कंपनीचे रनर, म्हणजे निरोप्या होते. मशीनगनच्या माऱ्यात दोन सोबती जखमी होऊन पडले. जाधवांनी त्या दोघांना एकामागून एक उचलून खोल पाण्यातून, उभ्या काठावरून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुखरूप जागी पोहोचविले. त्यानंतर मागे फिरून त्यांनी शत्रूच्या तीन मशीनगन एकट्याने बंद पाडल्या आणि काठावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्या कंपन्यांना पुढे बोलाविले. युरोपातील युद्ध ८ मे रोजी संपले. जाधवांचा व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला तो जूनमध्ये. ज्या जिल्ह्यातून ते गेले, त्याच जिल्ह्याच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ च्या ऑगस्टपासून १९४५ पर्यंत पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद आदी नेते कैदेत होते, आणि त्या नेत्यांची मुक्तता झाली तीही त्याच जून महिन्यात. एकाच जिल्ह्याच्या ह्या दोन वार्ता. कोणती वर छापावी आणि कोणती खाली?

घाडगे ह्यांच्या बाबतीतही असाच योग आला. १९४५ च्या मार्चमध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात व्हाईसरॉय लॉर्ड वेव्हेल ह्यांनी त्यांच्या विधवा पत्नीच्या हाती पदक दिले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याच लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटला उभा राहिला आणि सारा देश तिकडे पाहू लागला. ते स्वाभाविकच होते. परंतु इटलीत लढलेला शिपाई त्या गर्दीत मागे राहिला. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांच्या आसपास हिंदी सैनिक होते. ५,७८२ परत आले नाहीत. त्या मोहिमेत देण्यात आलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ हिंदी फौजेतील सैनिकांना मिळाले. घाडगे आणि जाधव हे त्या सहांपैकी.

पदकाने ह्या दोघांचे नाव राखले. जाधव १९८४ पर्यंत जगले आणि स्वतंत्र भारताने त्यांना पाहिले. घाडगे ह्यांचा पुतळा माणगावात उभा आहे. इटलीत माँतोने ह्या गावी २०२३ साली त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारण्यात आले. ज्या भूमीवर ते परके म्हणून लढले, तिने त्यांची आठवण ठेवली, ही समाधानाची गोष्ट आहे.

पण त्या अधिकृत हकीकतीतील एक वाक्य मला स्वस्थ बसू देत नाही. सेक्शनमधील एकूण एक माणूस ठार किंवा जखमी झाला, असे ती सांगते. ती माणसे कोण? कोणत्या तालुक्यातली? त्यांची नावे त्या हकीकतीत नाहीत. घाडगे ज्यांच्यासाठी धावून गेले, ते तिच्यात केवळ ‘सेक्शन’ आहेत.

ह्याहून कठोर उदाहरण पहिल्या महायुद्धाचे आहे. कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने त्या सैन्याला शरण जावे लागले. मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी १९२९ साली बसऱ्याला स्मारक झाले. त्यावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या दिली गेली. पुढे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली ह्या भेदभावाची कबुली दिली आणि क्षमा मागितली. एकशे पाच वर्षांनी मागितलेली ती क्षमा ऐकायला त्या शिपायांची आई, बायको, मुले, कोणीच नव्हते.

येथे मुलखातील वर्तमानपत्राचे खरे काम माझ्या लक्षात येते. लढाई कशी झाली हे सांगणारे पुष्कळ असतात. हा आमच्या अमक्या आळीतला, अमक्याचा मुलगा, हे सांगणारे त्याच्या मुलखातील पत्राखेरीज दुसरे कोणी नसते. राजधानीचे पत्र संख्या देईल. नाव गावच्या पत्रानेच द्यावयाचे असते. पदक मिळाले तर द्यावे आणि न मिळाले तरीही द्यावे.

आमच्या भागाची ह्यात एक वेगळीच अडचण झाली. युद्धकाळी लोधीखेडा मध्यप्रांत-वऱ्हाडात होते, राजधानी नागपूर होती आणि वर्तमानपत्र म्हणजे नागपूरचे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर तिकडे गेले, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. २०२३ साली छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला. गाव जागचे हलले नाही, पण त्याची कागदपत्रे चार ठिकाणी वाटली गेली. आमच्या शिपायांचा माग काढावयाचा तर नागपूरच्या जुन्या पत्रांच्या बांधीव फायली चाळल्या पाहिजेत, आणि दप्तर छिंदवाड्यात व भोपाळात शोधले पाहिजे. पलटणीकडे विचारावयाचे तर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावला आहे; १९४१ साली उभारलेल्या महार रेजिमेंटचे केंद्र आपल्याच राज्यात सागर येथे आहे.

हे काम विद्वानांचेच आहे असे कोणी समजू नये. आठवीनववीची मुलेही ते करू शकतात. घरोघर जाऊन चार गोष्टी विचाराव्यात : शिपायाचे पूर्ण नाव, त्याचा फौजेतील क्रमांक, पलटण, आणि तो परत आला की नाही. क्रमांक जुन्या पत्रावर, पेन्शनच्या कागदावर किंवा पदकाच्या कडेवर कोरलेला सापडतो. म्हणून पदक भंगारात देऊ नये आणि पेटीच्या तळाचा पिवळा कागद चुलीत घालू नये. युद्धसमाधी आयोगाची नोंदवही आज घरबसल्या पाहता येते आणि दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या अनेक हिंदी शिपायांच्या नावापुढे तिच्यात आईबापांची नावे, गाव व जिल्हा दिलेला आहे. दुसऱ्या महायुद्धातील माणसे आता बहुतेक गेली. परंतु १९६५ आणि १९७१ साली लढलेले वृद्ध आपल्या आसपास अजून आहेत. त्यांच्यापाशी बसून त्यांचे बोलणे आजच उतरून घेतले, तर उद्या सेन्सॉरच्या दप्तरात शोधण्याची पाळी येणार नाही.

आम्हां कॅथॉलिक ख्रिस्ती लोकांत २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी चर्चमध्ये गेलेल्यांची नावे वाचली जातात. कोणी मोठा होता म्हणून त्याचे नाव आधी घेतले, असे तेथे होत नाही. घाडगे ह्यांचे नाव गॅझेटात आले तो दिवसही २ नोव्हेंबर, हे मला हा विषय अभ्यासताना समजले, आणि त्यांच्या सेक्शनमधील त्या निनावी माणसांची आठवण झाली. त्यांची नावे कोणत्या तरी गावात कोणाला तरी ठाऊक असतील. ती विचारून घेण्याचे काम आपले आहे.