आवाज पंपाचा, फिल्टर निर्दोष

फिशटँकखालच्या कपाटातला कॅनिस्टर फिल्टर नवा असताना जेमतेम ऐकू येतो. काही वर्षांनी त्याची घरघर हॉलमध्ये झोपू देत नाही आणि अख्खा फिल्टर टाकून द्यायची भाषा सुरू होते. तो टाकू नये. आवाज डब्याचा नसतोच, झाकणातल्या मोटरचा असतो.

या मोटरमध्ये पात्यांना जोडलेला छोटा दंडगोल चुंबक फिरतो. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून दोन ध्रुवांचा चुंबक मिनिटाला 3000 फेरे घेतो. विजेच्या प्रत्येक आवर्तनात त्याला दोन हिसके बसतात, म्हणजे सेकंदाला 100. गुणगुण येते ती यामुळे. मधली सिरॅमिकची दांडी किंवा तिची रबरी बुचं झिजली, की चुंबक डुलतो, कडेला घासतो आणि खडखड सुरू होते. सुटे भाग मिळाले तर तेवढेच बदलावेत. जुन्या मॉडेलचे मिळत नाहीत, तेव्हा बाहेरचा पंप कामाला येतो.

झाकणातली पाती काढायची, जुन्या मोटरचा प्लग कायमचा काढून ठेवायचा आणि टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत डीसी पंप बसवायचा. त्याचा कंट्रोलर गुंडाळ्यांना आळीपाळीने वीज देतो, त्यामुळे चुंबकाला हिसके कमी बसतात. पंप डब्याच्या आधी लावला, तर त्यात गाळ अडकतो आणि डब्यातला दाब वाढून झाकणाची रबरी रिंग गळू शकते. पंप टाकीतल्या पाण्याच्या पातळीखालीच हवा. हे पंप हवा ओढत नाहीत.

चार फूट पाणी चढवायचं म्हणून अनेकजण भलताच मोठा पंप आणतात. नळ्या भरलेल्या असताना उतरणारं पाणी चढणाऱ्या पाण्याला तोलून धरतं. पंपाला फक्त नळ्यांचा आणि स्पंजचा अडथळा पार करायचा असतो. प्रवाह जास्त वाटला तर कंट्रोलरवर कमी करावा. डब्याकडे येणारा व्हॉल्व्ह आवळला, तर आतला दाब उतरून पाण्यात विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने सुटते आणि नवा पंपही खडखडू लागतो.

डबा वाचवायचा तो मुख्यतः आतल्या जिवाणूंसाठी. माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. जोडकाम चालू असताना स्पंज आणि सिरॅमिकच्या रिंगा टाकीतल्याच पाण्यात बुडवून ठेवाव्यात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं.