स्वस्त, आपणच जोडायचं फर्निचर टिकतं का?

"भुशाचं कपाट ते, किती दिवस टिकणार?" हे ऐकून कान किटलेत. म्हणून ही पोस्ट. 🪛

आयकियाचं 'बिली' हे पुस्तकांचं कपाट १९७९ पासून विकलं जातंय. ते गिलिस लुंडग्रेन यांचं डिझाइन. याच लुंडग्रेननी १९५६च्या सुमारास टेबल गाडीत मावेना म्हणून त्याचे पाय काढले आणि तिथून सपाट खोक्यांची कल्पना रुजली, असं कंपनी सांगते. स्वस्ताईचं गुपित त्यातच आहे: ट्रकमध्ये कमी जागा लागते आणि जोडणीची मजुरी वाचते.

आता दर्जाचं बोलू. असं फर्निचर बऱ्याचदा पार्टिकल बोर्डचं असतं, म्हणजे लाकडाचा चुरा आणि गोंद दाबून केलेल्या फळीचं. ही फळी कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं साथ देते, पाणी शिरलं की फुगते. फुगलेली फळी पूर्ववत होत नाही.

म्हणून एवढं पाळा:

✅ लादी पुसताना तळाशी पाणी साचू देऊ नका. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब ठेवा.
✅ पाठीची पातळ फळी नक्की ठोका, नाहीतर कपाट डुलतं.
✅ उंच कपाट भिंतीला पक्कं करा. घरात लहान मुलं असतील तर आधी हेच.
✅ जड पुस्तकं खालच्या कप्प्यात.
❌ स्क्रू बळेच पिळू नका, भोक सैल होतं.

दर वर्षी घर बदलत असाल तर विचार करा: वारंवार खोल-जोड या फर्निचरला मानवत नाही. एका जागी राहणार असेल, तर पैसा वसूल!