एका अणूचा पालट आणि प्रथिनाचे कार्य

‘पाट’ आणि ‘पाठ’ या शब्दांत एकच वर्ण पालटला की अर्थ पालटतो. त्यावरून त्या दोन वर्णांतील भेद मराठीत अर्थभेदक आहे, असे भाषाशास्त्रज्ञ ठरवितो. प्रथिनांच्या अभ्यासातही हीच रीत उपयोगी पडते. मात्र निष्कर्ष काढताना तेथे अधिक सावधगिरी बाळगावी लागते.

सबटिलिसिन हे बॅसिलस वर्गातील जंतूंपासून मिळणारे, प्रथिनांचे विघटन करणारे एंझाइम होय. त्याच्या सुमारे २७५ ॲमिनो अम्लांच्या साखळीत २२१ व्या स्थानी सेरीन असते. काही विशिष्ट द्रव्ये नेमकी या सेरीनाशी संयोग पावतात आणि एंझाइमाचे कार्य थांबते. परंतु एवढ्यावरून सेरीन स्वतः क्रियेत भाग घेते, हे सिद्ध होत नाही. दारात धोंडा पडला म्हणजे घरातील व्यवहार थांबतो. म्हणून तो व्यवहार दारातच चालत होता, असे म्हणता येत नाही.

यासाठी धोंडा न ठेवता केवळ एक अणू बदलण्याची युक्ती १९६६ मध्ये योजण्यात आली. पोल्गार व बेंडर यांनी, तसेच स्वतंत्रपणे नीट व कोशलंड यांनी, रासायनिक क्रियांच्या द्वारे या सेरीनातील ऑक्सिजनाच्या जागी गंधक आणला. अशा रीतीने सेरीनाचे सिस्टीन झाले.

गंधक अशा क्रियांत सामान्यतः अधिक तत्पर असतो. पपईतील पपेन तर गंधकाच्याच बळावर प्रथिने तोडते. तेव्हा नवे एंझाइम अधिक प्रभावी ठरावे, अशी अपेक्षा साहजिक होती. प्रत्यक्षात ते प्रथिनांवर जवळजवळ निष्प्रभ ठरले. तथापि, सहज तुटणाऱ्या काही एस्टरांवर त्याची क्रिया चालूच राहिली.

हा दुसरा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा होय. रेणूची सारी घडण मोडली असती, तर एस्टरांवरील क्रियाही उरली नसती. अर्थात दोष घडणीच्या नाशाचा नव्हता. गंधकाचा अणू आकाराने मोठा असून त्याचे रासायनिक गुणधर्मही भिन्न आहेत; शेजारच्या हिस्टिडीनाशी ऑक्सिजनाचा जो मेळ बसलेला होता, तो गंधकाशी तसा बसत नाही. पपेनाची रचना मात्र मुळातच गंधकाला अनुरूप आहे.

सारांश, एंझाइमाचे सामर्थ्य एकट्या अणूत नसून त्याच्या परिसराशी असलेल्या संबंधात असते. वर्णाचे मोलही शब्दाबाहेर ठरत नाही.