बातम्यांसमोर बसलेली मुले

व्यापारी कुटुंबात दिवसभराचा हिशेब दुकान वाढवल्यावर मिटतो आणि रात्री दिवाणखान्यात वेगळाच बाजार भरतो. टीव्हीच्या पडद्यावर चार चौकटींत चार माणसे एकाच वेळी बोलत असतात, खालच्या तांबड्या पट्टीवर ताजी बातमी धावत असते. आजोबांना एक पक्ष प्रिय, वडिलांना दुसरा, धाकट्या काकांचा दोहोंवरही विश्वास नाही. आवाज चढत जातात. या गदारोळात गृहपाठाची वही मांडीवर घेऊन बसलेले आठ-नऊ वर्षांचे मूल कोणाच्या खिजगणतीत नसते. ते निमूट बसले आहे, म्हणजे त्याचे लक्ष नाही, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात ते ऐकत असते, आणि शब्दांहून अधिक आवाज व चेहरे टिपत असते.

एकेकाळी मुलांची आणि मोठ्यांची वेळ आपोआप निराळी राहत असे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा प्रक्षेपण काही तासांपुरतेच असे. ‘किलबिल’ हा मुलांचा कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागे. बातम्याही ठरलेल्या वेळी, संथ स्वरात वाचल्या जात. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या घरोघरी आल्या, पुढे चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्यांची संख्या वाढली, आणि आता तीच दृश्ये कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटातून मोबाइलवर येतात. मुलांसाठीचे कार्यक्रम वाढले खरे, परंतु त्यांच्या आणि बातम्यांच्या मधली भिंत पडली.

या बदलाचा अत्यंत कठोर अनुभव मुंबईने घेतला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सुरू झालेला दहशतवादी हल्ला २९ नोव्हेंबरच्या सकाळी संपला. तोवर ताज हॉटेलमधून निघणारा धूर आणि गोळीबाराचे आवाज थेट प्रक्षेपणातून घरोघरी पोहोचत राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालपत्रात या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. त्यामुळे सुरक्षा दलांच्या जिवाला धोका वाढला, असे न्यायालयाचे म्हणणे होते. २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला बंदी आली. कारवाई संपेपर्यंत नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच आता दाखवता येते. कायद्याने जवानांचा विचार केला, ते योग्यच झाले. घरात बसलेल्या मुलाचा विचार मात्र घरालाच करावा लागतो. एकच दृश्य दहा वेळा दाखवले, तर लहान मुलाला ते दहा वेळा घडले असे वाटू शकते. आणि दूरच्या शहरातली आग व आपल्या गल्लीतली आग यांतले अंतर त्याला उमगतेच असे नाही.

अमेरिकेतील मुलांच्या कार्यक्रमांना हा प्रश्न फार पूर्वी भेडसावला होता. ६ जून १९६८ रोजी रॉबर्ट केनेडी यांचा गोळीबारानंतर मृत्यू झाला. दुसऱ्याच दिवशी फ्रेड रॉजर्स यांचा विशेष कार्यक्रम प्रसारित झाला. त्यात डॅनियल नावाचा वाघाचा बाहुला फुग्यातून निघून जाणाऱ्या हवेविषयी चौकशी करतो आणि मग हळूच, हत्या म्हणजे काय, असे विचारतो. त्याला कोणी गप्प बसवत नाही. साध्या शब्दांत उत्तर मिळते. रॉजर्स यांनी त्याच कार्यक्रमात पालकांना लहान मुलांना जपण्याची विनंती केली.

‘सेसमी स्ट्रीट’ या कार्यक्रमात हूपर नावाचे प्रेमळ दुकानदार होते. ती भूमिका करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये वारले. त्यांच्या जागी दुसरा नट आणता आला असता, किंवा हूपर दूर गावी राहायला गेले असे सांगून वेळ मारून नेता आली असती. निर्मात्यांनी तसे केले नाही. २४ नोव्हेंबर १९८३ रोजी, कुटुंबे एकत्र घरी असतात अशा सणाच्या दिवशी, तो भाग दाखवला गेला. हूपर आता परत येणार नाहीत, हे मोठी माणसे बिग बर्ड या पक्ष्याला समजावून सांगतात. सांगताना त्यांचेही डोळे भरून येतात, पण ती तेथून उठून जात नाहीत.

या दोन्ही प्रसंगांतून एकच गोष्ट दिसते. भयंकर वार्ता मुलापासून सर्वकाळ लपवता येत नाही. मात्र ती ऐकताना त्याच्या शेजारी शांत, खरे बोलणारे मोठे माणूस असले, तर ते ती सोसू शकते. शेजारचे मोठे माणूसच भांडत असले, तर मुलाने कोणाकडे पाहावे?

राजकारणाचा प्रश्न येथेच घरात शिरतो. एका घरात तीन मते असणे वाईट नाही. वाईट असते ती भाषा. दुकानात कोणत्याही पक्षाचे, जातीचे, धर्माचे गिऱ्हाईक आले तरी व्यापाऱ्याची जीभ जपून चालते. घासाघीस होते, प्रसंगी सौदा फिसकटतो, पण गिऱ्हाइकाचा अपमान होत नाही. रात्री पडद्यासमोर तीच जीभ मोकाट सुटते. विरुद्ध पक्षाचा माणूस चोर, देशद्रोही, मूर्ख ठरतो. मुलाला दुकानातला संयम क्वचितच पाहायला मिळतो, घरातला संताप मात्र रोज दिसतो. दुसऱ्या दिवशी शाळेत तोच शब्द ते शेजारच्या बाकावरील मित्राला ऐकवते, आणि एक मैत्री तुटते. शब्द कोठून आला, हे घराला कळतही नाही.

उपाय अवघड नाहीत, पण ते वडीलधाऱ्यांपासून सुरू व्हायला हवेत. मुले जेवत असताना चर्चेच्या वाहिन्या बंद ठेवाव्यात. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण होते, तेथे एवढा नियम पाळणे सोपे आहे. मोठी दुर्घटना घडल्यास मुलाने काय पाहिले, काय ऐकले, हे आधी त्यालाच विचारावे आणि मग विचारले असेल तेवढेच, खरे सांगावे. ‘काही झालेले नाही’ हे उत्तर मुलाला पटत नाही. ‘झाले ते वाईट आहे, आणि लोकांना वाचवण्यासाठी डॉक्टर, पोलीस, जवान झटत आहेत’ हे उत्तर त्याला आधार देते.

आणि मतभेद झालेच, तर ते मिटल्याचेही मुलाला दिसू द्यावे. एरवी भांडण मुलांसमोर होते आणि समेट ती झोपल्यावर. आजोबा आणि वडील रात्री कडाडून भांडले असले, तरी सकाळी एकाच तिवईवर चहा घेत दुकानाच्या कामाचे बोलत बसले आहेत, हे मुलाने पाहिले, तर मत निराळे असूनही माणूस आपलाच राहतो, हे त्याला समजते. हा धडा कोणतीही वाहिनी देत नाही. तो घरातच मिळायला हवा.